एकविसावं नाव

अंजूर,
गुरुवार, २ जानेवारी २०२५

निशा बाय, पुष्कळ आशीर्वाद.

पाकिटावर आत्याचं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. भिवंडीच्या डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं. म्हणाला, आवाजाच्या पडद्यांवर दोन गाठी आल्यात, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, नाहीतर कापावं लागेल. तेव्हापासून मी पाटी-पेन्सिल घेऊन फिरते. आमचे हे इतके खूश आहेत की रोज स्वतःहून भाजी आणतात.

आता मुद्द्याचं. १६ फेब्रुवारीला सीताच्या नातीची, पूर्वीची, हळद आहे. पस्तीस वर्षं या गावातली हळद मी आणि सीताने गायलीय. आम्ही दोघी धवलारणी. भट येतो दुसऱ्या दिवशी, पण देवांना आवतण जातं ते आमच्या तोंडून. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकलं आहेस, तरी शहरात शिकून विसरली असशील म्हणून सांगते. गावदेवीपासून घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. एकीचा दम संपायच्या आत दुसरीने ओळीचं शेपूट धरायचं. मध्ये गाणं रिकामं पडलं, तर राहिलेले देव दारातून परत जातात. आम्ही एकदाही रिकामं पडू दिलं नाही.

पण सीताच्या राकेशने, पूर्वीच्या बापाने, वेगळंच काढलंय. सहा वर्षांपूर्वी ठाण्याच्या स्टुडिओत आमच्या आवतणाचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते स्पीकरवर लावू म्हणतो. "आई थकली, जाईमावशीचा आवाज बसला. उगाच चारचौघांत फजिती कशाला?" मी पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही.

तू शाळेतल्या पोरींना श्वासाचे व्यायाम शिकवतेस ना? मला लिहून पाठव, कसा घ्यायचा, कसा पुरवायचा, सगळं. आवाज बंद आहे, श्वास चालू आहे. सहा आठवडे आहेत हातात. आणि तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या कानावर गेलं की गावभर झालंच.

तुझी,
जाईआत्या


धडगाव,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. काळजीही वाटली आणि खरं सांगू का, थोडा आनंदही झाला. आठ वर्षांपूर्वी मी तुमच्या ओटीवर तानपुरा लावून श्वास मोजत बसले होते, तेव्हा तू आणि सीतामावशी पदर तोंडाला लावून हसत होतात. "बाय, गाना बोलतंस का दवाखान्यान तपासणी चाललीय?" असं मावशी म्हणाली होती. मी विसरलेले नाही. आता माझी पाळी.

महिनाभर खरोखर गप्प राहा. मी देते ते व्यायाम बिनआवाजाचे आहेत, त्यांना डॉक्टरची हरकत नसावी, तरी एकदा विचारून घे.

सकाळी काही खायच्या आधी सतरंजीवर उताणी झोप. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने हळू श्वास घे. वर आला पाहिजे तो बेंबीवरचा हात, छातीवरचा नाही. खांदे तर अजिबात उचलायचे नाहीत. गाणारे नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, श्वास घ्यायचा म्हटलं की शाळेतल्या कवायतीसारखी छाती पुढे काढतात. जमलं की पोटावर किलोभर तांदळाची पिशवी ठेव आणि ती श्वासाने उचल.

मग बसून दुसरा. नाकाने श्वास घे आणि दातांमधून 'स्स्स' करत सोड. बारीक, एकसारखा, सायकलच्या चाकाची हवा जाते तसा. मनात मोज. आठवडाभराचे आकडे मला लिहून पाठव. तुझा दम मला माहीत आहे, तू पंचविसाच्या खाली येणार नाहीस. आपण तो चाळिसावर नेऊ.

इथे दोन दिवस रेंज असते, पाच दिवस नसते, तेव्हा पत्रच बरं.

तुझी,
निशा


अंजूर,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

निशा बाय, आशीर्वाद.

पत्र मंगळवारी मिळालं आणि बुधवारी पहाटेच कामाला लागले. तांदळाच्या पिशवीने भलताच गोंधळ केला. ओटीवर उताणी, डोळे मिटलेले, पोटावर तांदूळ. शेजारची वनिता दूध द्यायला आली, तिने ते बघितलं आणि किटली टाकून बोंब मारली. तिला वाटलं, म्हातारी गेली आणि कोणी तरी शिधा आणून ठेवला. सगळी आळी गोळा झाली. मला बोलायची बंदी. पाटीवर 'जिवंत आहे' असं लिहून ती डोक्यावर धरून उभी राहिले, तेव्हा कुठे लोक हसायला लागले.

आकडे असे. बुधवारी आठ. गुरुवारी नऊ. आज सकाळी सात.

तू लिहिलंस पंचवीस. ते राहू दे. सातावरून पुढे कसं जायचं ते सांग. दिवसातून तीनदा करायचं की पाचदा? मध्येच सोडायचं नाही, जितकं सांगशील तितकं करायची तयारी आहे.

राकेशने काल ते रेकॉर्डिंग मोबाईलवर लावून दाखवलं. निशा, स्टुडिओवाल्याने आमचे श्वास काढून टाकलेत. आम्ही लपवतो, पण घेतो तरी. इथे एक ओळ संपते, दुसरी चिकटते, मध्ये माणूसच नाही. राकेश म्हणतो, "बघ कसं क्लीन झालंय." ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्या बायका गातायत असं वाटलं. आता तर मागे हटायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

लवकर लिही.

जाईआत्या


धडगाव,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र आजच मिळालं आणि आजच लिहितेय. सगळे व्यायाम बंद कर. तांदळाची पिशवी तर डब्यात परत ओत.

सात? माझ्या पाचवीतल्या पोरी वीस मोजतात. गाठी घशात आहेत, त्याने आवाज फुटेल, पण 'स्स्स' सातावर संपायचं काही कारण नाही. हे घशाचं नाही, छातीचं आहे. तुला जिना चढताना धाप लागते का? रात्री उशा दोन लागतात का? पाय सुजतात का? छातीच्या डॉक्टरला दाखवून ये आणि तो काय म्हणतो ते मला कळव. तोवर मी पुढचा एकही व्यायाम पाठवणार नाही.

तू माझ्यावर रागावशील, रागाव. बाबा गेल्यावर त्यांच्या बाजूचं माझं मोठं माणूस म्हणून तूच उरली आहेस. पूर्वीच्या हळदीसाठी तुला गमावायची माझी तयारी नाही. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर रेंजच्या टेकडीवर चढून आईला फोन करणार आहे, मग गावभर होऊ दे.

निशा


अंजूर,
बुधवार, २९ जानेवारी २०२५

निशा बाय,

आईला फोन करू नकोस. मी ठणठणीत आहे. तुझं पत्र वाचून मी स्वतः 'स्स्स' करून बघितलं, एकतीस मोजले.

सात आकडा सीताचा आहे.

तांदळाखाली झोपली होती तीही सीताच. मी शेजारी बसून तिचा हात धरून मोजत होते. तिने मला शपथ घातली होती की हे कोणाला कळू द्यायचं नाही. राकेशला कळलं तर तो तिला गाणाऱ्यांत बसूच देणार नाही. पण तू माझ्या काळजीने जीव टांगणीला लावलास, तेव्हा मी तिला तुझं पत्र वाचून दाखवायचं ठरवलं. मला बोलायची बंदी, तिला वाचता येत नाही. शेवटी पूर्वीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. पोरगी वाचता वाचता रडली, पण बापाला सांगणार नाही म्हणाली. सीता म्हणाली, "सांग तिला. पोरीला फसवून कुठं देव यतात?"

तर ऐक. माहेरी भिवंडीत आणि लग्नानंतरही मिळून वीस वर्षं सीताने लूमवर सुताच्या कांड्या भरल्या. कापसाचं पीठ नाकातोंडात. त्यावर चुलीचा धूर. तीन वर्षांपासून तिचा दम कमी होतोय. छातीच्या डॉक्टरकडे ती जाते, पंप घेते. राकेशला वाटतं, वयाची धाप आहे.

आम्ही गाताना पदराखाली एकमेकींचा हात धरून बसतो, ते तू बघितलं असशील. लोकांना वाटतं माया आहे. माया आहेच, पण ती आमची खूण आहे. जिचा दम संपत आला तिने हात दाबायचा, दुसरीने शेपूट धरायचं. आधी ती आठ-दहा शब्दांनी दाबायची. मग सहा. मागच्या वैशाखात चारावर आली. तिच्या वाटणीचं मी ओढत गेले, वरून डीजेच्या आवाजावर. माझ्या गाठी तिथल्या आहेत. हे तिला मी सांगितलेलं नाही, तूही लिहू नकोस.

तू म्हणशील, मग तू एकटीने गा. मीही तेच म्हणाले होते. पण आवतणात एकवीस नावं आहेत आणि एकविसावं नाव यंदा नवीन आहे. सीताचे यजमान तुळशीराम चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्या घरातलं हे पहिलं लग्न. रेकॉर्डिंग झालं तेव्हा ते जिवंत होते, आमच्यासाठी स्टुडिओबाहेर वडापाव घेऊन उभे होते. रेकॉर्डिंगमध्ये वीसच नावं आहेत.

सीताने नवऱ्याचं नाव जन्मात एकदा घेतलंय, लग्नात, उखाण्यात, तेही सासूने चिमटा काढल्यावर. एरवी राशनच्या दुकानातसुद्धा 'राकेशचा बापूस'. मी तिला पाटीवर चित्र काढून समजावलं की ते नाव मी घेईन. तर मला म्हणते कशी, "तू हाक मारलीस त यतील ते. पन चार वर्सां झाली, मी अजून मारली नाय. मना मारायची हाय." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

म्हणून तिला तिथपर्यंत न्यायचं आहे. आता सगळं खरं लिहिलं. उपाय सांग.

तुझी,
जाईआत्या


धडगाव,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या आणि सीतामावशी,

हे पत्र पूर्वीने दोघींना एकत्र वाचून दाखवावं.

मी आधी पाठवलेलं सगळं मावशीसाठी चुकीचं होतं. ज्याची छाती धडधाकट आहे त्याचा दम ताणून वाढवता येतो. मावशीचा दम आता वाढणार नाही, आहे तो नीट खर्च करायचा आहे. छातीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काही करू नका, आणि पंप त्या दिवशी कमरेला असला पाहिजे.

मावशी, खुर्चीवर जरा पुढे वाकून बस, कोपरं मांडीवर टेकव. छाती मोकळी होते. श्वास नाकाने घे. सोडताना बशीतला गरम चहा फुंकतेस तसे ओठ कर आणि घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोड. जुनी हवा बाहेर गेली नाही तर नवीन मावणार कुठे? तुझी धाप हवा मिळत नाही म्हणून कमी आणि हवा सुटत नाही म्हणून जास्त लागते.

दुसरी गोष्ट तुम्हा दोघींना पटणार नाही. मावशी, तू हात दाबतेस ते दम पार संपल्यावर. तिथून परत यायला तुला चौपट वेळ लागतो. चार शब्दांचा दम असेल तर दोन शब्दांवर थांब. थोडा श्वास शिल्लक असतानाच थांबायचं. आमचे गुरुजी म्हणायचे, रिकामं भांडं नळाखाली धरू नका, अर्धं असतानाच धरा. मी इतकी वर्षं ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं, तुमच्यासाठी लिहिताना कळलं.

म्हणजे एका श्वासात एकच नाव. घ्यायचं, थांबायचं, ओठांनी सोडायचं, पुढचं नाव. श्वास ऐकू येईल. येऊ दे. लपवायच्या भानगडीतच तुमची निम्मी ताकद जाते.

आत्या, राकेशदादाशी भांडू नकोस. त्याला ते रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत ऐकायला लाव आणि नावं मोजायला सांग.

मी येऊ शकत नाही. दहावीच्या तोंडी परीक्षा आहेत आणि वसतिगृह माझ्यावर आहे. फार वाईट वाटतंय.

तुमची,
निशा


अंजूर,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

निशा बाय,

डॉक्टरने मला बोलायला मोकळं केलंय. गायचं तर थोडं, म्हणाला, ताणायचं नाही. सीताच्या डॉक्टरनेही तुझा कागद वाचून मान डोलावली.

वाकून बसणं, चहा फुंकणं सीता दिवसभर करते. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकतानाही फुंकत असते. पण श्वास ऐकू येऊ द्यायचा म्हटलं की भडकते. "पस्तीस वर्सां कुणाला ऐकवला नाय, आता नातीचे हलदीन ऐकवू?" शेवटी असं ठरलं. पहिली पंधरा नावं मी ओढणार, ती नुसती हात धरून बसणार. शेवटची सहा तिची, एकेका श्वासाला एकेक, आणि मधलं शेपूट मी धरणार. म्हणजे रिकामं पडायचा प्रश्न नाही.

राकेशला ओटीवर बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं. तो बोटांवर मोजत होता. वीस झाली आणि आवाज थांबला. तो म्हणाला, "बाबा नाय यात." मी म्हटलं, "नाय." वाईट पोरगा नाही तो, आईला चारचौघांत धाप लागलेली त्याला बघवत नाही इतकंच. गा म्हणाला, पण अट घातलीय. स्पीकर दाराशी तयार राहील. आई अडकली तर तो लगेच बटण दाबणार.

सीता म्हणाली, "दाबू दे. अडकले त."

जाईआत्या


धडगाव,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, सकाळ

आत्या,

हे पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. आता दहा वाजलेत. तुम्ही मांडवात बसला असाल. सकाळच्या प्रार्थनेला मी पोरींना सांगितलं की अंजूरला एक आजी आज एकवीस नावं घेणार आहे. त्यांनी विचारलं, "मॅडम, त्यात काय अवघड आहे?" मी त्यांना चौदा वेळा जिना चढउतार करून मग एकवीस नावं घ्यायला लावली. आता त्यांना कळलंय.

मला भीती मावशीची नाही, तुझी वाटतेय. पंधरा नावं जास्त आहेत. तू ताणशील, मी तुला ओळखते.

निशा


अंजूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

निशा बाय,

तुझं रविवारचं पत्र यायचंय, पण मला थांबवत नाही.

मी ताणलं. आठ नावं छान गेली, नववं कसंबसं पुरं केलं आणि माझा आवाज फाटला. फाटला म्हणजे नुसती हवा. तोंड उघडं, आत काही नाही. मांडवात दीडशे बाया, चुलीवर हळदीचं जेवण, पूर्वी आजीच्या दुसऱ्या बाजूला पिवळी होऊन बसलेली, आणि दारात राकेश मोबाईल हातात घेऊन, त्या भल्यामोठ्या स्पीकरच्या खोक्याला टेकून. तीन वर्षं सीता माझा हात दाबत आली होती. रविवारी मी तिचा दाबला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. सगळं ठरलेलं मोडलं होतं. बारा नावं बाकी आणि शेपूट धरायला मी नाही.

ती पुढे वाकली, कोपरं मांडीवर ठेवली आणि दहावं नाव घेतलं. घेतलं आणि थांबली. दम होता तिच्यात अजून, मला हातात कळत होतं, तरी थांबली. मग ओठ गोल करून श्वास सोडला. निशा, अख्ख्या मांडवाला ऐकू गेला. बायांच्या हातातले मोबाईल खाली आले. मध्ये गाणं रिकामं पडलं. राकेशचा अंगठा उचलला गेला, तो मी बघितला. मला वाटलं, गेलं.

तेवढ्यात पूर्वीने ते नाव झेललं. नवरीने आपल्या आवतणात गायचं नसतं, आजवर कोणी गायलेलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "आजीनं माजा हात दाबला, मना वाटला मनाच बोलतेय." सीताने दोन्ही हात दाबले होते. एक माझा, एक तिचा. नवरीने धरलं म्हटल्यावर वनिताने धरलं, मग सगळ्याच बायांनी. लहानपणी आमच्या मागे म्हणायच्या त्या, डीजे आल्यापासून गप्प होत्या.

मग चाललं. सीता एक नाव घेणार, शिल्लक ठेवून थांबणार, श्वास घेणार, आणि तेवढा वेळ दीडशे बाया ते नाव धरून ठेवणार. अकरा. बारा. सोळाव्याला तिने पंप ओढला, कोणी हूं की चूं केलं नाही. अठरा, एकोणीस, वीस.

विसाव्यानंतर ती बराच वेळ थांबली. बायांनी विसावं नाव तीनदा घोळवलं, चौथ्यांदा घोळवलं. सीता खाली मान घालून चहा फुंकत होती. मला वाटलं, दम गोळा करतेय. हात हातात होता म्हणून कळलं, दम होता. ती लाजत होती. एकाहत्तर वर्षांची बाई.

मग मान वर केली आणि म्हणाली, "तुलसीराम." गायली नाही. अंगणातून घरात हाक मारावी तशी हाक मारली.

बायांनी शेपूट धरलं नाही. धरायचं कोणाला सुचलंच नाही. मांडव गप्प होता, पण रिकामं पडलंय असं मला वाटलं नाही. राकेशने मोबाईल खिशात टाकला. दाराशी जो खोका सकाळी चार जणांनी आणून ठेवला होता, तो त्याने एकट्याने ढकलत ढकलत बाजूला नेला. दार पूर्ण मोकळं केलं आणि स्वतः चौकटीला पाठ लावून उभा राहिला, कोणाला आत यायला जागा हवी असते तसा.

माझा घसा आता पुन्हा बंद आहे, डॉक्टर रागावलाय. पाटी परत आलीय, आमचे हे पुन्हा खूश आहेत. सीता रोज सकाळी तुझा व्यायाम करते. आकडा तू विचारशील. रविवारपासून आम्ही मोजलेला नाही.

तुझी,
जाईआत्या